बोर्डावरची लाल रेघ

आमच्या वर्षालीला सातवा महिना लागला आणि ती पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याहून माहेरी आली, त्याच वर्षी, म्हणजे २०२४ साली, मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी परीक्षेला बसले. वर्षाली माझी नात, मोठ्या मुलाची मुलगी. तिला दिवस गेले तेव्हा मी अ-आ गिरवत होते, आणि ती माहेरी आली तेव्हा मी पास झालेली होते.

मला शिकवलं आमच्या गावच्या बेबीताईंनी. त्या अंगणवाडी चालवतात. दुपारी लेकरं घरी गेली की त्याच खोलीत आम्हा म्हाताऱ्या बायांचा वर्ग भरायचा. भिंतीवर हत्ती, ससा, आंबा, आणि खाली आम्ही बारा जणी, गुडघे धरून बसलेल्या. मार्च महिन्यात परीक्षा झाली. पेपराच्या वर मी माझं नाव लिहिलं, सुभद्रा गोवर्धन, आणि पेपर सोडवायला लागायच्या आधी ते नाव तीनदा वाचून पाहिलं.

शिकल्यावर एक खोड लागते. दिसेल ते वाचत सुटायचं. खताच्या गोणीवरचं वाचलं, ट्रकच्या मागचं वाचलं, गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचलं. सून म्हणायची, "आता जेवा, ताटावर काई लिवेल नाही."

सगळं वाचलं आणि जे सात-आठ वर्षं डोक्यावर होतं ते मात्र शेवटी वाचलं. त्याचीच ही गोष्ट.

आमचा फाटा अमरावतीहून तिवशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. फाट्यावर एसटीची शेड आहे. तीन बाजूंनी भिंत, वर पत्रे, आत सिमेंटचा लांब ओटा. मी त्या शेडमध्ये भाजी विकते. माझे मालक वारले २००९ साली. त्यानंतर पहिल्यांदा टोपलं घेऊन फाट्यावर आले तेव्हा शेडमध्ये जागा नव्हती, म्हणून बाहेर उन्हात बसले. आत नत्थुजी बसलेले होते. तेही माळी, आमच्याच गावचे, माझ्या मालकांचे मित्र. त्यांनी मला पाहिलं. आपलं बोरं, म्हणजे अंथरायचं पोतं, उचललं, भिंतीकडे सरकवलं, दोन हात जागा मोकळी केली आणि म्हणाले,

"वैनी, आत बसा. मानूस सुकला तं चालते, सांबार सुकला तं कोनी घेत नाही."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या दिवसापासून माझा सांबार आणि मी, दोघंही सावलीत. पंधरा वर्षं. त्या जागेचं त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही.

नत्थुजींना बिडीची सवय. दिवसाला एक बंडल तर लागायचंच. घरी त्यांची सून पौर्णिमा बिडी ओढू देत नसे. घर दोन खोल्यांचं, लहान लेकरं खोकायची. पौर्णिमा भांडखोर नव्हती. तिने एकदाच सांगितलं, "बाबा, बिडी घराबाहेर," आणि नत्थुजींनी ते ऐकलं. त्यामुळे घरच्या बिड्याही शेडमध्येच ओढल्या जायच्या. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, शेडमध्ये धूर नाही असं व्हायचं नाही. मला त्याचं काही वाटत नसे. मी स्वतः तंबाखू खाते. कोणाला शिकवायला मी कोण?

आता बोर्डाचं सांगते. शेडमध्ये समोरच्या भिंतीवर, नत्थुजींच्या डोक्यावर, एक पत्र्याचा बोर्ड होता. सात-आठ वर्षांपूर्वी कोणीतरी येऊन ठोकून गेलं होतं. त्यावर एक जळती बिडी काढलेली, वर धुराच्या दोन वळ्या, खाली काळी अक्षरं. नवा होता तेव्हा बिडीभोवती लाल गोल होता आणि वरून एक लाल रेघ गेलेली होती. आम्हाला वाटलं, लाल तर एसटीचाच रंग. दुपारनंतर ऊन थेट त्या भिंतीवर येतं. दोन उन्हाळ्यांत लाल रंग पार उडून गेला. काळा राहिला. बिडी राहिली, धूर राहिला.

बाईच्या चित्राखाली बायांची मोरी असते, एसटीच्या चित्राखाली एसटी थांबते. तसं बिडीच्या चित्राखाली बिडीवाल्यांनी बसायचं, असं नत्थुजी समजले. मीही समजले. माणिकबाई, जी पलीकडे काकड्या घेऊन बसते, तीही तसंच समजली. आम्हा तिघांत एकालाही अक्षर येत नव्हतं.

एकदा तर पँट-शर्टातला एक माणूस नत्थुजींसमोर उभा राहिला आणि नाकाला रुमाल लावून बोर्डाकडे बोट दाखवू लागला. नत्थुजींनी वर पाहिलं, हसले, सरकून बसले.

"हो ना जी, इथंच हाये. या, बसा," म्हणाले आणि बंडल त्याच्यापुढे धरलं.

तो माणूस तसाच वळून निघून गेला. नत्थुजी म्हणाले, "सायबाले लाज वाटली वाट्टे, आपली बिडी घ्यायची."

एप्रिलचा महिना होता. वर्षालीला तपासणीसाठी अमरावतीला न्यायचं होतं. तिचा बाप गाडी मांडायला, म्हणजे टोमॅटोचे कॅरेट टेंपोत लावायला गेलेला, म्हणून मीच जाणार होते. माझी भाजी माणिकबाईवर सोपवली. अकराची एसटी अजून आली नव्हती. मी आत ओट्यावर बसले. वर्षाली बाहेर, रस्त्याच्या कडेला, उन्हात. पदर डोक्यावर, हात कमरेवर.

"अवं पोरी, आत ये ना! चक्कर येईन," मी ओरडले.

"राहू दे आजी, एसटी दिसली पायजे."

"एसटी आतूनही दिसते. ये."

ती आली नाही. मी उठून तिच्याजवळ गेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती एकटी नव्हती. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई होती, दोन कॉलेजच्या पोरी होत्या, एक म्हातारा होता. सगळे उन्हात. शेडमध्ये ओटा अर्धा रिकामा. मी पंधरा वर्षं आतून पाहत आले होते की लोक बाहेर उभे राहतात. मला वाटायचं, लोकांना घाई असते.

"खरं सांग, काऊन येत नाही आत?"

वर्षालीने आवाज खाली केला. "आजी, आत धूर होतो. मले उलटी येते. अन् डॉक्टरनं सांगितलं, अशा वक्ती धुरात बसू नको."

"मंग बोलायचं ना नत्थुजीले."

"मी काय बोलू? मोठे हायेत ते. अन् बोर्ड तं लागेलच हाये ना भितीवर. तुले आता वाचता येते ना? वाच."

मी आत गेले. नत्थुजींच्या समोर उभी राहिले आणि त्यांच्या डोक्यावर पाहू लागले. ते म्हणाले, "काय पायता वैनी, पाल हाये काय?"

मी बोट लावून वाचू लागले. आमची म्हातारपणाची शाळा, मनात वाचता येत नाही, मोठ्यानेच वाचावं लागतं.

"ये-थे. धू-म्र-पा-न. कर-ण्यास. सक्त म-ना-ई आहे. दंड रु-प-ये दोनशे."

पुरतं वाचून झालं तेव्हा काय वाचलं ते मला कळलं. आणि तोवर ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

किशोर तिथेच उभा होता. तो आमच्याच गावचा, अमरावतीला एका कारखान्यात जातो. जिभेचा तिखट. त्याने टाळी वाजवली.

"वा आजी, वा! सात-आठ वर्षं झाली, मी वाट पाहून राहिलो का कोनी तरी वाचन म्हणून. काय नत्थुबाबा, काढा आता दोनशे! रोजच्या वीस-पंचवीस बिड्या, वर्षाचे दिवस किती? तुमचं वावर विकलं तरी दंड फिटनार नाही."

काही लोक हसले. कॉलेजच्या पोरी हसल्या. नत्थुजी उठले. त्यांच्या तोंडात बिडी तशीच होती. त्यांनी ती काढली, पायाखाली विझवली, थोटूक उचलून खिशात टाकलं. मग बोर्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वांगी टोपल्यात भरली, बोरं गुंडाळलं आणि गावाच्या वाटेला लागले. भरल्या बाजारात, अकरा वाजता. असं पंधरा वर्षांत झालं नव्हतं.

आमची एसटी आली. वर्षालीची तपासणी चांगली झाली. पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नत्थुजी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. शेडमध्ये धूर नव्हता. तिसऱ्या दिवशी ती लेकरूवाली बाई आत येऊन बसली, लेकराला मांडीवर घेतलं, जाताना पाव किलो भेंडीही घेतली. मला बरं वाटलं. आणि नत्थुजींची रिकामी जागा दिसली की बरं वाटल्याचंच वाईट वाटायचं. त्यांच्या जागेवर भिंतीला पाठ टेकून टेकून एक काळा डाग पडलेला होता, माणसाच्या पाठीएवढा.

माणिकबाई गप्प बसणारी नाही. "वाच आनखी," ती म्हणायची. "आता त्या खांबावरचं वाच, म्हनजे मीही घरी जातो."

आठव्या दिवशी मी सांबाराची एक जुडी घेतली आणि नत्थुजींच्या घरी गेले. ते गोठ्यात बसले होते. दोन बैल, एक म्हातारा, तिघांच्याही माना खाली. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"भाऊ, बाजारात येत नाही काऊन?"

"मनाई हाये ना."

"बिडीले मनाई हाये. तुमाले नाही."

"एकच हाये ते." मग ते वळले. "तुमी वाचायले शिकल्या वैनी, मले आनंद झाला व्हता. पेढा खाल्ला म्या तुमचा. अन् तुमी पयलं वाचन माया नावानं केलं."

"बोर्डावर तुमचं नाव नव्हतं, भाऊ."

"मंग कोनाचं व्हतं? तिथं बिडी दुसरं कोन ओढते? चाळीस वर्सं भाजी इकली, कोनाचं माप मारलं नाही. अन् तो पोट्टा साऱ्या लोकायसमोर मले दंड मांगते. मी खालीच बसून व्हतो ना, बोर्डाच्या खाली! लोक काय म्हनत असतीन? म्हातारा पाहा कसा, बोर्डाखाली बसून ओढते."

तेव्हा मला समजलं की त्यांना बिडी गेल्याचं दुःख नव्हतं. एवढी वर्षं लोक मनात हसत होते आणि आपल्याला माहीत नव्हतं, याची ती लाज होती. ती मला चांगली माहीत आहे. वर्षालीच्या लग्नात मी पत्रिका उलटी धरून पाहत होते आणि व्याह्यांनी हळूच सरळ करून दिली होती. मी त्या रात्री जेवले नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुमाले एकट्याले कानात सांगायले पायजे व्हतं. मले सुद्द राहिली नाही."

ते थोडे नरम झाले. "सांगा तं मले एक. बिडी माया पैशाची. छाती मायी. मराचं तं मी मरीन. मंग सरकारले काय करायचं?"

"छाती तुमचीच हाये. पन धूर तिथं थांबत नाही ना भाऊ. वर्षाली उनात उभी राहते. तिच्या पोटात लेकरू हाये. त्याले कोनी इचारलं, बिडी पाहिजे का म्हणून?"

"मी काय तिले बाहेर हाकललं?"

"नाही. म्हणूनच तं कोनी बोललं नाही. तुमी हाकललं असतं तं भांडले असते लोक."

ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरचे गोचीड काढत राहिले. मग म्हणाले, "अन् तुमची तंबाखू?"

"ती माया गालात राहते."

"अन् थुकी? ती बी गालातच राहते काय? शेडच्या मांगे जाऊन पाहा. भितीवर नकाशा काढून ठेवला तुमी अन् माणिकबाईनं. लेकरं तिथं लघवीले जात नाही, एवढा घाण वास."

दारात पौर्णिमा उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसत होती. तिने विचारलं, "चहा मांडू का दोघायसाठी, का आनखी भांडता?"

"मांड," नत्थुजी म्हणाले. "या बाईले बोर्ड दिसते, आपली भित दिसत नाही."

"भाऊ," मी चहा पिताना म्हणाले, "मी डबा आनतो. झाकनाचा. त्यात थुकीन. तुमी तुमचं पाहा. पन बाजारात या. तुमी नाही तं माया वजनाले कोनी खरं म्हनत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नत्थुजी आले. बोरं पसरलं, वांगी मांडली. माझ्या टोपल्याजवळ झाकणाचा डबा पाहिला आणि "हं" म्हणाले. नऊ वाजता त्यांचे हात चुळबुळू लागले. तेव्हा त्यांनी माझ्या कांद्यांतून एक टरफल उचललं, शेडच्या तोंडाशी उभे राहिले, हात वर केला आणि टरफल सोडलं.

नत्थुजी पूर्वी गावभर ज्वारी उफणायला जायचे. उफणणाऱ्याचं सगळं कसब वारा ओळखण्यात असतं. भूस कोणाच्या डोळ्यात गेलं, कोणाच्या राशीवर पडलं, तर त्याला दुसऱ्या वर्षी कोणी बोलवत नाही. नत्थुजींना सत्तरीपर्यंत बोलावणं येत होतं.

टरफल उडालं आणि सरळ आत, ओट्यावर, दूधवाल्याच्या पायाशी येऊन पडलं. नत्थुजी त्याकडे पाहत राहिले. मग बाहेर गेले. शेडच्या उजव्या कोपऱ्याशी दुसरं सोडलं, तेही आत आलं. मग उगवतीच्या बाजूला, निंबाच्या झाडाखाली गेले, पन्नासेक पावलं लांब. तिसरं टरफल सोडलं. ते शेताकडे उडून गेलं आणि दिसेनासं झालं. त्यांनी तिथेच उभ्याने बिडी पेटवली.

परत आल्यावर मला म्हणाले, "चाळीस वर्सं लोकायचं भूस वाऱ्यावर लावलं. आपलाच धूर पाहाचा राहिला."

तेव्हापासून तसंच चालू राहिलं. बिडीची तलफ आली की ते म्हणायचे, "वैनी, दुकान पाहा," आणि रोज आधी टरफल सोडून निंबाकडे जायचे. वारं फिरलं असेल तर रस्त्याच्या पलीकडे जायचे. गुडघे दुखायचे. पहिल्या आठवड्यात खूप शिव्या दिल्या, बोर्डाला, सरकारला, मला. मग बंडल दोन दिवस पुरू लागलं. "बिडी सोडली नाही हो," ते सगळ्यांना सांगायचे, "फुकटचं चालनं सोडलं."

किशोर चार दिवस त्यांची नजर चुकवत होता. पाचव्या दिवशी निंबाखाली एक सपाट दगड दिसला, बसता येईल असा. कोणी आणला ते कोणी बोललं नाही. पण किशोरच्या शर्टाला माती होती, आणि त्याची एसटी चुकली होती. नत्थुजी दगडावर बसून त्याला ओरडले, "का रे, माया दंडाचे दोनशे फिटले समजू काय?"

"फिटले बाबा," किशोर म्हणाला.

मे महिन्यात फाट्यावर पाय ठेवता येत नाही इतकं तापतं. त्या वर्षी लोक आत बसले. बसलेला माणूस भाजीकडे पाहतो, पाहिलं की भाव विचारतो. नत्थुजींची वांगी दुपारीच संपायची. याचं श्रेय ते कांद्याच्या टरफलाला द्यायचे. सगळंच सुरळीत झालं असं नाही. परगावचे लोक उतरायचे आणि आत येऊन पेटवायचे. मी बोर्ड वाचून दाखवायचे. कोणी ऐकायचं, कोणी म्हणायचं, "तुझ्या बापाची शेड हाये का?" तेव्हा नत्थुजी उठायचे. त्यांना निंबाखाली घेऊन जायचे, आपली एक बिडी द्यायचे, आणि तिथे बसून बोलायचे. भांडण कमीच झालं.

जूनच्या शेवटी वर्षालीला मुलगी झाली. दोन महिन्यांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ती लेकीला घेऊन अकोल्याला निघाली. आम्ही सगळे शेडमध्ये. नत्थुजींनी दूरवरून पाहिलं, मग शेडबाहेरच्या पाण्याच्या रांजणाकडे गेले. हात धुतले, चूळ भरली, पुन्हा भरली, मिशा ओल्या हाताने पुसल्या, आणि मगच हात पुढे केले. त्यांनी त्या पोरीला असं धरलं होतं जसं लोक काचेचा कंदील धरतात.

"हिचं नाव काय ठेवलं?"

"दामिनी," वर्षाली म्हणाली.

"दामिनीबाई," नत्थुजी म्हणाले, "तुया पणजीनं मले लय फिरवलं बरं."

पोळ्याच्या दिवशी फाट्यावर बाजार नसतो. तरी संध्याकाळी नत्थुजींनी मला बोलावून नेलं. बैलांची शिंगं रंगवून लाल रंग उरला होता. एका हातात डबी, दुसऱ्या हातात ब्रश. ओट्यावर चढले आणि विचारलं, "वैनी, रेघ कशी व्हती? तिरपी का उभी?"

"तिरपी. वरून खाली."

त्यांनी बिडीवरून तिरपी रेघ ओढली. ती मधे वाकडी झाली, आणि रंग जरा खालीही ओघळला. मग भोवती गोल काढला. तो गोल कमी, वांगं जास्त झाला. खाली उतरून त्यांनी मागे सरकून पाहिलं.

"आता कोनी अनपढ जरी आला," ते म्हणाले, "तरी त्याले समजन. मायासारखं खाली बसून हसू करून घेनार नाही."

तो रंग बैलांच्या शिंगांचा, ऊन-पाण्याला टिकणारा. दुपारचं ऊन रोज पडतं, पण रेघ अजून तशीच आहे. निंबाखालचा दगडही आहे. परवा मी तिथे एका परगावच्या माणसाला बसवून आले.

नत्थुजी ९ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी सकाळी, आपल्या घरी वारले. वय चौऱ्याहत्तर होतं.